शिवी ऐकल्यावर शिक्षकाने जायचं कुणाकडे?

मी इंग्लंडमध्ये शाळेत गणित शिकवते म्हटलं की भारतातून हमखास विचारतात, "मुलं ऐकतात का गं?" बरीचशी ऐकतात. काही खुर्ची लाथाडतात, तोंडावर शिवी देतात, चोरून व्हिडिओ काढतात. २०२३-२४ मध्ये इथल्या सरकारी खर्चाच्या शाळांनी जवळपास ९ लाख ५५ हजार वेळा मुलांना तात्पुरतं निलंबित केलं. निम्म्याच्या आसपास वेळा कारण एकच: वर्गात सततचा गोंधळ.

पण शिवीपेक्षा जास्त लागतं ते स्टाफरूममधलं एक वाक्य. आधीच्या एका शाळेत तक्रार घेऊन गेलं की वरिष्ठ म्हणायचे, "माझ्या तासाला तर तो नीट बसतो." म्हणजे दोष तुमचाच. मग पुढच्या वेळी कुणी तक्रार घेऊन जातच नाही. नवे शिक्षक नोकरी सोडतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या मनात असंच एखादं वाक्य रुतलेलं असतं.

आताच्या शाळेत आधी ताकीद, मग जागा बदलणं, आणि तरीही थांबलं नाही तर 'ऑन-कॉल'. कॉम्प्युटरवर कळवलं की एक वरिष्ठ येऊन त्या मुलाला घेऊन जातात. बाकीच्यांचा तास चालू राहतो. शाळा सुटल्यावर तो मुलगा, मी आणि त्याच्या इयत्तेचे प्रमुख एकत्र बसतो. हे बसणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घरी काय चाललंय, पोटात काही आहे का, हे तिथेच कळतं. निलंबित होणाऱ्यांत शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या गरीब मुलांचं प्रमाण जास्त आहे, तेव्हा नुसतं घरी पाठवून भागत नाही. आणि शिक्षक स्वतःच खचला तर 'एज्युकेशन सपोर्ट' या संस्थेचा फोन चोवीस तास चालू असतो.

इथल्या सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्ये गेली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी घातली. दोन्हीकडे हे चांगलंच झालं. पण साताऱ्याकडे शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या वर्गात साठ मुलं, आणि मदतीला हाक मारावी असं कुणी नाही. "छडी काढून घेतली, हातात दुसरं काय दिलं?" हा तिचा प्रश्न मला पूर्ण पटतो.

माझ्याकडून सगळं समजून घेऊन तिने मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय: दर तासाला एक शिक्षक मोकळा ठेवा, बोलावलं की येणारा. पुढच्या वेळापत्रकात बघू म्हणालेत.