विंडोज १० नंतर जुन्या संगणकाचे काय करावे

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा आधार थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे घरांत, दुकानांत, पतसंस्थांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत इतकी मुरली आहे की, तिची मुदत संपली हे अनेकांना पडद्यावर आलेल्या सूचनेवरूनच कळले. तेव्हापासून नातेवाईक आणि ओळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारत आहेत, की आता नवा संगणक घ्यावा लागेल का. बहुतेकांना तो घ्यावा लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र काहीच न करता आहे तसे चालू ठेवावे, हेही मला मान्य नाही, आणि या दोन्ही गोष्टींची कारणे नीट मांडावीत म्हणून हे लिहीत आहे.

आधार थांबल्याने संगणक बंद पडत नाही. तो काल चालत होता तसाच आजही चालतो, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात. बंद होते ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारी सुरक्षा दुरुस्ती. विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा गाभा समान असल्यामुळे विंडोज ११ मधले एखादे भगदाड बुजवले गेले, की ती दुरुस्ती उलगडून पाहणाऱ्या जाणकार हल्लेखोराला तेच भगदाड विंडोज १० मध्ये कोठे असेल याचा माग लागतो, आणि तेथे ते कायमचे उघडे राहिलेले असते. डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या विषाणूंची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, ही गोष्ट खरी आहे. पण अँटिव्हायरस चोराला ओळखतो, मोडलेले कुलूप दुरुस्त करत नाही.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्याने वापरलेल्या त्रुटीवरची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये प्रसिद्ध झालेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते अडकले. परिस्थिती इतकी बिघडली की, २०१४ मध्येच आधार थांबवलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचा आधार घेणारा नॉटपेट्या पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले कामकाज कोलमडले. त्याचा फटका थेट आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला आणि तेथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. युरोपात सुरू झालेल्या हल्ल्यामुळे उरणजवळ कंटेनर अडकून पडतात, हे ज्याने एकदा पाहिले आहे, तो दुरुस्ती बंद झालेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

मग विंडोज ११ का घेऊ नये? घेता येत असेल तर अवश्य घ्यावे. अडचण अशी आहे की, ती प्रणाली बसवण्यासाठी घातलेल्या अटींमुळे धडधाकट संगणकही दाराबाहेर राहतात. चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, संगणक सुरू होताना परका कोड रोखणारे सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर अशा त्या अटी आहेत. यांतल्या टीपीएमच्या अटीवर समाजमाध्यमांवर सर्वाधिक टीका झाली, पण मला ती अट रास्त वाटते. डिस्कच्या कूटबद्धीकरणाची (एन्क्रिप्शनची) किल्ली डिस्कवरच न ठेवता वेगळ्या, सहज न उघडणाऱ्या जागी ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि लॅपटॉप चोरीला गेल्यावर त्याचे मोल कळते. शिवाय अनेक जुन्या संगणकांत ही सोय प्रोसेसरच्या आतच असते आणि केवळ बंद करून ठेवलेली असते. इंटेलच्या मदरबोर्डवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर जाऊन पीटीटी नावाचा पर्याय सुरू करावा, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम शोधावा, आणि मग विंडोजमध्ये टीपीएमची स्थिती दाखवणारी खिडकी उघडून आवृत्तीच्या जागी २.० दिसते का ते पाहावे. एवढ्या एका बदलाने काही संगणक पात्र ठरतात. नवी खरेदी करण्याआधी ही तपासणी करायलाच हवी.

माझा खरा आक्षेप प्रोसेसरच्या यादीवर आहे. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन २००० मालिका येथे रेघ ओढलेली आहे. म्हणजे २०१७ मध्ये चांगले पैसे मोजून घेतलेला, सातव्या पिढीचा कोअर आय५ असलेला, सोळा जीबी रॅम आणि एसएसडी ही वेगवान डिस्क बसवलेला, टीपीएम २.० असलेला संगणक अपात्र ठरतो. यामागे सुरक्षेचे कारण दिले जाते. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण आहे, ज्यामुळे प्रणालीच्या गाभ्यात परका कोड घुसवणे अवघड होते, आणि ते संरक्षण वेग न गमावता चालण्यासाठी प्रोसेसरमध्ये विशिष्ट सोय असावी लागते. हा मुद्दा चोख आहे. परंतु ती सोय इंटेलने सातव्या पिढीपासूनच दिलेली आहे, तर एएमडीमध्ये ती झेन २ या रचनेपासून आली. रायझन २००० मधले डेस्कटॉप प्रोसेसर त्याआधीच्या, झेन प्लस रचनेचे आहेत. म्हणजे सोय असलेली इंटेलची सातवी पिढी यादीबाहेर आणि सोय नसलेली रायझन २००० मालिका यादीत, असा हा हिशेब आहे. भर म्हणजे सातव्या पिढीतल्या मोजक्या प्रोसेसरांना अपवाद म्हणून प्रवेश मिळाला, आणि त्यांतला एक मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ या महागड्या यंत्रात होता. आपल्या ग्राहकासाठी जी रेघ मागे सरकवता आली, ती इतरांसाठीही सरकवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. एखाद्या प्रणालीने जुने यंत्र सोडून द्यावे, पण त्याचे कारण यंत्राच्या खऱ्या मर्यादेत असावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला काही सूचना न समजणारे फार जुने प्रोसेसर चालतच नाहीत, ही खरी मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अटी बाजूला सारून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या कोठारात एक नोंद घालावी किंवा रुफस या साधनाने पेनड्राइव्ह तयार करतानाच अटींची तपासणी वगळावी, की काम होते. ज्याला आपला विदा (डेटा) जपता येतो आणि बिघडले तर स्वतः पुन्हा सगळे बसवता येते, त्याने हा प्रयोग खुशाल करावा. पण अशा यंत्रांना पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यामुळे दुकानातला मुलगा पाचशे रुपयांत ‘अकरा टाकून देतो’ म्हणाला, तरी वयस्कर आईवडिलांच्या संगणकावर हा मार्ग मी वापरणार नाही.

ज्यांना लगेच काही ठरवायचे नाही, त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना आहे. घरगुती वापरकर्त्याला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते. त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२एच२ आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जची प्रत वनड्राइव्हवर ठेवायला संमती दिली तर पैसे पडत नाहीत. नाहीतर रिवॉर्ड्स या मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेतले हजार गुण किंवा ३० डॉलर द्यावे लागतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मात्र ग्राहक संघटनांनी रेटा लावल्यावर सेटिंग्जची प्रत ठेवण्याची अटही न घालता ही सोय मोफत मिळाली. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनी असा प्रश्न विचारायला हवा होता. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर असून तो दरवर्षी दुप्पट होतो. शिक्षणसंस्थांसाठी मात्र पहिल्या वर्षी फक्त एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर असा दर आहे. शाळांच्या विश्वस्तांनी संगणक कक्ष मोडीत काढण्याआधी ही माहिती घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

यापुढचा पर्याय लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणाऱ्या मुक्त प्रणालीचा, आणि ज्यांचे काम ब्राउझर, ईमेल, पत्रव्यवहार, चित्रपट आणि छायाचित्रे यांपुरते आहे, त्यांना मी तोच सुचवतो. लिनक्सच्या शेकडो प्रकारांत नवख्या माणसाला गुरफटवण्यात अर्थ नाही. लिनक्स मिंट घ्यावे, यंत्र जुने असेल तर त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, डिस्कला हातही न लावता, वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात की नाही हे आधी पाहता येते. प्रिंटर विशेष तपासावा, कारण आपल्याकडे लहान कार्यालयांत सर्रास दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार रडवतात.

आता मराठीचे. माझ्या मावसकाकांचा संगणक मी मिंटवर नेला, तेव्हा त्यांना पहिली काळजी टंकलेखनाचीच होती. ते निवृत्त शिक्षक, रोज काही ना काही लिहिणारे, आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर हात बसलेला. मिंटमध्ये कीबोर्डच्या मांडण्यांत मराठीची एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट मांडणी आधीच असते. ती निवडली आणि विंडोजवरची त्यांची बोटे येथेही तशीच चालू लागली. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ यांतला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र त्यांनी सगळ्यांत आधी काढून पाहिला. शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ, आणि ‘ऱ्य’ पडद्यावर उमटला. हा र नीट उमटला नसता, तर काकांनी तो संगणक तेथेच परत केला असता, आणि ते योग्यच ठरले असते. ज्यांना उच्चारानुसार इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय आहे, त्यांनी आयबस हे टंकलेखनाचे साधन बसवून त्यात मराठीची फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धत घ्यावी. एक्टाइप या मुंबईच्या फॉन्टशाळेचा मुक्त टंक मुक्ता बसवला, तर मजकूर दिसतोही देखणा.

खरी अडचण जुन्या फायलींची निघाली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत रुळण्याआधी मराठी टंकांत (फॉन्टमध्ये) प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काकांचे कित्येक वर्षांचे लेख, शाळेच्या स्मरणिका आणि घराण्याची वंशावळ अशाच टंकांत होती. लिबर ऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरने फायली उघडल्या, पण पानभर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा सडा पडलेला. विंडोजमधली टंकाची फाइल घरच्या फोल्डरातल्या फॉन्ट्सच्या जागी ठेवल्यावर मजकूर पुन्हा मराठीत दिसू लागला, मात्र तो शोधता येत नव्हता आणि त्यात भर घालता येत नव्हती. अखेर एकेक फाइल रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावी लागली, आणि रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागले, कारण नेमके तेथेच यंत्र चुकते. हे काम कंटाळवाणे आहे, पण विंडोज ११ घेतले तरी ते करायलाच हवे. ज्यांच्याकडे अशा जुन्या फायली आहेत, त्यांनी जुना संगणक चालू आहे तोवरच ते उरकून घ्यावे.

सगळ्यांनीच लिनक्सकडे जावे असा माझा आग्रह नाही. टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकान, ठरावीक मांडणी सॉफ्टवेअरवर चालणारा छापखाना, डिजिटल सहीचे टोकन रोज वापरणारा ठेकेदार किंवा सनदी लेखापाल, यांनी विंडोजवरच राहावे. त्यांच्या बाबतीत नव्या यंत्राचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे. शिवाय लिनक्स आपोआप सुरक्षित असते हा समजही मला घातक वाटतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या बहुतेक लिनक्सवर असणाऱ्या लहानशा साधनात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका शंकेचा पिच्छा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पुरवला म्हणून तो सर्वत्र पसरण्याआधी उघडकीस आला. फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करतात आणि पोस्टग्रेस या मुक्त विदागारावर (डेटाबेसवर) काम करतात. कोणालाही कोड वाचता येतो म्हणूनच त्यांना मुळापर्यंत जाता आले. मुक्त सॉफ्टवेअरवर माझा विश्वास आहे तो या कारणासाठी, आणि म्हणूनच मिंट बसवून दिल्यावर अपडेट मॅनेजरचे चिन्ह कोठे आहे आणि ते केव्हा दाबायचे, हे दाखवल्याशिवाय मी निघत नाही.

शेवटी खर्चाचे. जुना संगणक संथ आहे म्हणून जे नव्याचा विचार करत आहेत, त्यांनी आधी आत फिरणारी हार्ड डिस्क आहे का ते पाहावे. असेल, तर २५६ जीबीची सॅटा एसएसडी आणि रॅम चारवरून आठ जीबी एवढाच बदल करावा. जुनी डिस्क पुसू नये. कागदी लिफाफ्यात घालून, वर तारीख लिहून कपाटात ठेवावी, म्हणजे नव्या प्रणालीत काही राहून गेले तर ते तिच्यावरून काढता येते.