मिठाच्या पाण्यात तरंगणारं सूत : आमची वाटचाल

पोरगा म्हणतो, बाबा, आपल्या कापड विणण्याच्या धंद्याची वाटचाल दोन परिच्छेदात बसवा, बाकी फोटो टाकू. दोन परिच्छेदात बसणारी असती तर माझे केस एवढे पांढरे झाले नसते. त्यामुळे लांबणार आहे, ज्याला जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं वजन, ग्रॅममध्ये) आणि डेनिअर (नऊ हजार मीटर धाग्याचं वजन, ग्रॅममध्ये) कळतं त्याने वाचावं.

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नाही, निटिंग मास्तर, विणायची मशीन सांभाळणारे. मशीन एकच, सेकंडहँड, गोल, ३० इंची व्यासाची, २८ गेज (म्हणजे इंचाला २८ सुया), सिंगल जर्सी (टी-शर्टसारखं एकेरी विणीचं कापड). म्हणजे पूर्ण घेरात सुया २६४०. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मास्तरांच्या खिशात कायम एक भिंग असायचं आणि एक जुनी तुटकी सुई, ती ते कान कोरायलाही वापरायचे आणि अडकलेला धागा सोडवायलाही (कुठल्या क्रमाने ते आम्ही कधी विचारलं नाही). माणूस असा की मशीनच्या आवाजावरून सांगायचा, सत्तराव्या फीडरला (सुयांना धागा पुरवायची जागा) टेन्शन जास्त आहे बघ. जाऊन बघावं तर असायचंच.

साधं पॉलिस्टर सगळेच विणत होते. १९४१ साली व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी हा पदार्थ शोधला तेव्हापासून त्याच्यावर एकच आरोप, घाम पीत नाही. आरोप खराच आहे. प्रमाणित हवेत कापूस साडेआठ टक्के ओल धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४. पण ओल धरत नाही म्हणून लवकर वाळतं हेही त्याच आकड्यात आहे ना, ते कोणी बोलत नाही. आम्ही ठरवलं की साध्यात दहा जणांशी भांडण्यापेक्षा पोकळ सूत विणायचं.

पोकळ म्हणजे फिलामेंटच्या, धाग्यातल्या एकेका बारीक तंतूच्या, मधोमध नळी. स्पिनरेटच्या (तंतू काढायच्या चाळणीसारख्या प्लेटच्या) भोकाला गोल आकार न देता सी सारख्या फटी देतात, वितळलेलं पॉलिमर २८०-२९० डिग्रीला बाहेर पडतं, फुगतं, कडा एकमेकीला चिकटतात आणि आत हवा अडकते. स्थिर हवेसारखा उबदार माल कुणाकडे नाही, आणि तो फुकट मिळतो. त्याच वजनात कापड जास्त भरतं, हातात हलकं लागतं. थोडं कडक पडतं, हे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, कारण तेवढंच वजन नळीच्या आकारात असलं की ते वाकायला जड जातं. ज्याला अंगावर ओघळणारं कापड हवंय त्याने हे घेऊच नये.

आणि एक गोष्ट सांगून टाकतो, धंद्यातलेच लोक बोलतात म्हणून राग येतो: पोकळीतून घाम जातो म्हणे! अहो नळी बंद आहे, भिंतीला भोकं नाहीत, घाम जाणार कुठून? घाम चढतो तो दोन फिलामेंटच्या मधल्या फटीतून, आणि तोही हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी ओढणारं, फिनिश नीट बसलं असेल तरच. म्हणून सांगतो, असलं कापड घरी धुताना सॉफ्टनर घालू नका. मऊ करण्याच्या नादात घाम चढायची वाट बुजते आणि मग शिव्या आम्हाला.

मिनरलचं खूळ नंतर आलं. खूळ म्हणतोय पण त्यावरच जगलो. चिप्स, म्हणजे पॉलिस्टरचे दाणे, वितळवताना मास्टरबॅचमधून (आधीच पावडर कालवलेल्या दाण्यांतून) बारीक खनिज पावडर घालायची, म्हणजे ती धाग्याच्या आतच बसते. यात नवल नाही, साध्या सेमी-डल (कमी चमकीच्या) पॉलिस्टरमध्येही चमक मारायला टायटॅनियम डायऑक्साइड असतंच, साधारण ०.३ टक्के. आमच्यात प्रमाण जास्त आणि त्यात सिलिकेटची भर, क्वार्ट्झ-टूर्मलीन जातीची खनिजं. पावडर एक मायक्रॉनच्या खाली हवी. का, ते हिशेबाने बघा. दोन डेनिअरचं फिलामेंट, वीस टक्के पोकळ, जाडी १६ मायक्रॉन धरा, तर भिंत निघते साडेचार मायक्रॉनच्या आसपास. तेवढ्या भिंतीत तीन मायक्रॉनचा गोळा आला तर धागा तिथेच तुटणार.

तुटला नाही तर सुया खाणार. पहिल्या लॉटला हेच झालं. क्वार्ट्झची कठीणता मोहच्या मापावर ७, टूर्मलीन ७ ते साडेसात, आणि आपण पोलादी सुईच्या हुकवरून तो धागा दिवसभर ओढतोय. एरवी जेवढ्या चालायच्या त्याच्या निम्म्यातही सुया टिकल्या नाहीत. मास्तरांनी एक सुई भिंगाखाली धरून दाखवली, हुकच्या आत धाग्याने खाचच पाडली होती, करवतीने पाडावी तशी. तेव्हापासून यार्न गाईड सगळे सिरॅमिकचे आणि यार्नवाल्याकडून पावडरीचा साईझ रिपोर्ट आल्याशिवाय कोन (सुताचं रीळ) क्रीलवर, म्हणजे मशीनच्या रिळांच्या स्टँडवर, चढत नाही. नवीन पोरांनी निदान एवढं तरी करा, सुया वाचवा, सुया गेल्या की सगळं गेलं.

फायदा काय मिनरलचा? पारदर्शकपणा कमी होतो, पांढरं कापडही आरपार दिसत नाही, ऊन अडतं. हे डोळ्याला दिसतं. आणि ते इन्फ्रारेडचं? अंगातून उष्णता बाहेर पडते ती साधारण साडेनऊ मायक्रॉनच्या लहरींवर सर्वात जास्त, खनिज ती शोषतं आणि थोडी परत सोडतं. पण साधं पॉलिस्टरही तेच करतं हो, फरक थोडा. खनिज काही स्वतः उष्णता तयार करत नाही, त्याच्यात बॅटरी नाही. आम्ही लेबलवर कधीही सांधेदुखी, रक्ताभिसरण असलं काही छापलं नाही, आणि धंद्यात मार खाल्ला तो त्याच्यामुळेच.

कारण एक गृहस्थ होते. नाव लिहीत नाही. आमच्याकडून तीनदा सॅम्पल मीटर घेऊन गेले, मास्तरांना शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं, आणि सहा महिन्यांत त्यांचं "मिनरल फॅब्रिक" बाजारात. सूत साधंच, पोकळ नाही, मिनरल नाही. स्टेंटरच्या (कापड ताणून वाळवायच्या मशीनच्या) आधी पॅडच्या टाकीत बाईंडर, म्हणजे चिकटवायचं रसायन, आणि पावडर कालवून कापडावरून पुसलेली! वीस धुण्यात गटारात. पण पहिल्या दिवशी हाताला छान लागायचं, पावडरीमुळे सुकं सुकं, आणि लेबलवर झोप सुधारते, थकवा जातो, वगैरे वगैरे. आमचे दोन जुने खरेदीदार तिकडे गेले. वर ते गृहस्थ सांगत फिरायचे की मूळ कल्पना त्यांचीच, आम्ही कॉपी केली म्हणे.

त्यातच ती मोठी ऑर्डर. जाकिटाच्या आतल्या थराचं कापड, चार टन, आमच्यासाठी तेव्हा डोंगर. दीड टन विणून डाईंगला गेलं आणि परत आलं ते आडव्या पट्ट्या घेऊन, एक पट्टा गडद एक फिका. धंद्यात याला बॅरे म्हणतात. मी सरळ डाईंगवाल्याच्या अंगावर गेलो, नको ते बोललो. त्याने शांतपणे त्याच भांड्यात रंगवलेलं दुसऱ्याचं कापड दाखवलं, एकदम साफ. त्याची माफी मागायला मला वर्ष लागलं, ते सोडा. मग संशय सुयांवर. मास्तर रात्रभर बसले, २६४० सुया बदलल्या एकट्याने, सकाळी बोटं सुजलेली. पुन्हा तेच पट्टे. तिकडे ते गृहस्थ आमच्या रिजेक्टचा तुकडा खिशात घालून खरेदीदारांना दाखवत फिरत होते. तो तुकडा त्यांच्याकडे कसा गेला याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही, अंदाज आहे.

मशीन विकायची बोलणी सुरू झाली होती. तेव्हा ताईंचा फोन. ताई म्हणजे आमचं पहिलं गिऱ्हाईक, रात्रपाळीवाल्यांसाठी आतून घालायचे बनियन शिवतात, कापडाची डिग्री नाही पण हात असा की लॅब मागे पडेल. त्यांना त्याच सुताचा एक रोल गेला होता. म्हणाल्या, "दादा, वजन तेवढंच भरतंय, पण कापड बसलंय हो. पहिल्यासारखं उभं नाही." बस एवढंच. मी थिकनेस गेज काढला, जीएसएम बरोबर आणि जाडी कमी!

मग मास्तरांनी ती प्लेट काढली. स्टीलची चपटी पट्टी, बारीक भोकं पाडलेली, भोकातून फिलामेंटचा जुडगा ओढून घ्यायचा आणि दोन्ही अंगांनी नव्या ब्लेडने सपाट कापायचा, मायक्रोस्कोपखाली धागा आडवा कापलेला दिसतो. जुना कोन: गोल गोल बांगड्या. नवा कोन: काही बांगड्या, काही चेपून चपट्या. यार्नवाल्याने प्रॉडक्शन वाढवायला टेक्स्चरिंगवर (धागा गरम करून, पिळून फुगीर करतात तिथे) स्पीड वाढवला, हीटर चढवला, पीळ वाढवला, आणि आम्हाला सांगितलं नाही. पोकळ धागा गरम करून पिळला की नळी चेपणारच. आणि नळी चेपली की प्रकाश आत फुटायचा थांबतो, म्हणून तोच रंग गडद दिसतो. पट्टे तिथून आले होते. बिचारा डाईंगवाला.

यार्नवाला मान्य करेना. म्हणे प्लेटवर कापताना तुम्हीच चेपलं. तेव्हा मला मिठाचं सुचलं. पॉलिस्टरची घनता १.३८. वीस टक्के पोकळ असेल तर १.१० होते, मिनरल धरून थोडी जास्त. मिठाचं पाणी विरघळेल तेवढं मीठ घालून केलं की १.२ पर्यंत जातं. म्हणजे पोकळ सूत तरंगायला पाहिजे आणि चेपलेलं बुडायला पाहिजे. धाग्याची छोटी लड करा, टोकांना गच्च गाठ, साबणाचे दोन थेंब घालून बुडबुडे पिळून काढा आणि लगेच बघा, उशीर केला तर टोकातून पाणी शिरून काहीही दिसेल. त्याच्याच टेबलावर दोन ग्लास ठेवले. एक लड वर, एक तळाला. तो बराच वेळ तळाकडे बघत बसला आणि मग क्रेडिट नोट दिली, अर्ध्या मालाची. अर्ध्याचीच! राहिलेलं नुकसान आम्ही तीन वर्षं फेडलं. ती मोठी ऑर्डर गेली ती गेलीच, कुणाकडे गेली ते सांगायला नको.

त्यानंतरची नऊ वर्षं नीट गेली. मशीन चार झाली. यात सांगण्यासारखं काही नाही.

मध्ये एकदा लॅबला पाठवून ती घाम गाळणाऱ्या प्लेटची टेस्ट केली, आयएसओ ११०९२, प्लेट ३५ डिग्रीला ठेवून वाफेला आणि उष्णतेला कापड किती अडवतं ते मोजतात. आमचं आणि त्या गृहस्थांचं, दोन्ही पाठवली, त्यांचं दुकानातून विकत घेऊन. नव्या कापडात वाफेच्या आकड्यात दोघांत फार फरक नव्हता, खोटं कशाला बोलू. तीस धुण्यांनंतर पुन्हा पाठवायला मास्तरांनी लावलं, आणि उबेच्या आकड्यात आमचं जागेवर होतं. त्यांच्या कापडाला धुण्याआधीही ऊब नव्हती, कारण हवाच नव्हती आत. हा रिपोर्ट मी फ्रेम करून लावलाय. बायको म्हणते काढा आता. नाही काढणार.

मास्तर दोन वर्षांपूर्वी थांबले, डोळे गेले म्हणाले. भिंग माझ्याकडे देऊन गेले, सुई नाही दिली.

ताईंना आता काळा हवाय. मिनरलवाल्या पोकळ धाग्यावर १३० डिग्रीला कितीही डिस्पर्स (पॉलिस्टरला वापरतात तो) रंग चढवा, आतली पावडर आणि नळी दोन्ही मिळून त्याला फिकं करतात. खरं तर चिप्समध्येच काळा घालून सूत काढायला हवं, पण तेवढ्यासाठी यार्नवाला जो लॉट मागतो तो आम्हाला चार वर्षं पुरेल. तीन शेड ट्राय झाल्या, तिन्ही राखाडी. ताईंनी तिन्ही परत पाठवल्या, चिठ्ठीत एकच ओळ, "दादा, काळा म्हणजे काळा." चौथी आज स्टेंटरवर आहे.