काट्यावरची रांग आणि डाऊनविंड

पहिल्या सोलोआधीच्या, म्हणजे एकटीने विमान उडवण्याआधीच्या, चेकमध्ये मी दोनदा नापास झाले. लँडिंग बरं होतं माझं, रेडिओवर बोलतानाही अडखळत नव्हते. अडलं ते एकाच गोष्टीवर: पुढच्या विमानात आणि माझ्यात किती जागा ठेवायची.

मराठवाड्यातली ती धावपट्टी लहान, टॉवर नाही. आपण कुठं आहोत ते ज्याने त्याने रेडिओवर सांगायचं आणि बाकीच्यांना डोळ्यांनी शोधायचं. सकाळी सहापासून साडेनऊपर्यंत कधी तीन, कधी चार विमानं एकाच वेळी फेऱ्या मारत असत. त्यानंतर काळं रान तापायचं आणि आमची सेसना १५२ खड्ड्यातल्या जीपसारखी उसळायची. या फेरीला सर्किट म्हणतात. उडालं की डावीकडे वळून क्रॉसविंड, मग धावपट्टीला समांतर, उलट दिशेने, जमिनीपासून हजार फुटांवर डाऊनविंड. पुन्हा डावीकडे बेस, आणि शेवटी धावपट्टीसमोर फायनल.

बेसला कुठं वळायचं याची माझी खूण होती एक पांढरी पाण्याची टाकी. टाकी पंखाखालून मागे गेली की वळायचं, एवढं पाठ.

पहिल्या चेकला माझ्या पुढे आणखी एक सेसना होती. तिच्याही पुढे कोणी तरी होतं, म्हणून त्या मुलाने डाऊनविंड लांबवला, रेडिओवर तसं सांगितलंही. मी ऐकलं आणि सोडून दिलं. टाकी आली, मी वळले. शेजारी सर गप्प. फायनलवर आले तर धावपट्टी मोकळी. वाटलं, गडी उतरून बाहेरही पडला. तेवढ्यात त्याचा आवाज आला, "लाँग फायनल." तो माझ्या मागे होता! मी त्याच्या आतून कापून पुढे घुसले होते. "आय हॅव कंट्रोल" म्हणत सरांनी थ्रॉटल पुढे ढकलला, विमान उजव्या अंगाला घेतलं आणि आम्ही गो-अराऊंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो.

खाली आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या पुढं विमान होतं का टाकी?"

सुट्टीला घरी गेले तेव्हा हे आण्णांना सांगितलं. आण्णा हंगामात ऊस वाहतात, ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ते म्हणाले, "आगं, भरल्या ट्रॉल्या घेऊन उताराला लागलं की मग ब्रेकचा काय उपेग? मागचा माल ढकलतोय. पुढच्याचं अंतर वरच, उतार लागायच्या आधी धरावं लागतंय. कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभं राहता येतंय, तिथं काय कुणीबी शहाणा." विमानाला तर रांगेत उभंही राहता येत नाही. सरांच्या तीन व्याख्यानांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिथं शिरलं.

मग वही घेऊन हिशेब मांडला. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. ६० नॉटने मिनिटाला एक मैल, ९० नॉटने दीड. डाऊनविंडवर ९० चा वेग ७० वर आणला तर मिनिटाभरात पुढच्यापासून मैलाचा तिसरा हिस्सा जादा मिळतो. फायनलवर मात्र वेग आधीच ६० च्या आसपास असतो. तिथं जागा काढायला आणखी हळू जायचं म्हणजे स्टॉलच्या दिशेने जायचं, जिथं पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत. आणि चूक झाकायला बेसवरून फायनलला तिरपं गच्च वळलं तर तेही तसंच: विमान ६० अंश कलवून घेतलेल्या वळणात स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ४० नॉटला स्टॉल होणारं विमान तिथं ५६ ला पडतं.

टाकीच्या जागी नवी खूण आली ती अशी: पुढचं विमान फायनलवर समोरून येताना दिसतं, ते आपल्या डाव्या पंखाच्या टोकाशी येतं आणि खांद्याच्या मागे सरकतं. तेव्हाच बेस. ते दिसत नसेल तर वळायचं नाही, आधी रेडिओवर विचारायचं. आमच्याकडे त्यातही एक गोम होती. धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे, म्हणजे विमानाला जमिनीवरून परत यायचा वेगळा रस्ता, नाही, त्यामुळे उतरलेलं विमान पुढे जाऊन वळतं आणि धावपट्टीवरूनच परत येतं. ते बाहेर पडेपर्यंत दोन-तीन मिनिटं सहज जातात. म्हणून पुढचा खांद्यामागे गेला तरी आणखी थोडं पुढे जायचं.

पंखांचंही एक आहे. सेसनाचा पंख डोक्यावर, पायपर या दुसऱ्या छोट्या विमानाचा पायाखाली. सेसना खाली आणि पायपर बरोबर तिच्या वर अशी दोन्ही फायनलला आली तर सेसनावाल्याला वरचं दिसत नाही, पायपरवाल्याला खालचं. दोघेही डोळे उघडे ठेवून आंधळे. हे कळल्यापासून मी वळण्याआधी पंख उचलून बघते.

दुसऱ्या चेकला मी उलट्या टोकाला गेले. जागा हवी म्हणून डाऊनविंड लांबवत, लांबवत थेट पलीकडच्या तलावापर्यंत. सर म्हणाले, "आता इंजिन बंद पडलं तर?" हजार फुटांवरून ही सेसना वारा नसताना जेमतेम दीड मैल तरंगते. धावपट्टी त्याच्या दुप्पट दूर राहिली होती. खाली सोयाबीन. पुन्हा नापास, आणि खरं सांगायचं तर यावेळी मला राग आला होता.

तिसऱ्या चेकनंतर सर उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "जा." शेजारची सीट रिकामी असली की विमान किती हलकं होतं, हे कोणी आधी सांगत नाही. पहिल्याच फेरीत पुढचं विमान धावपट्टीवरच रेंगाळलं. तीनशे फुटांवर मी थ्रॉटल पुढे केला. पहिल्या सोलोला गो-अराऊंड! खाली सगळे बघत असणार, हे डोक्यात आलंच. दुसऱ्या फेरीत उतरले.

पुढे क्रॉस-कंट्रीत, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणात, चिकलठाण्याला गेले. तिथं टॉवर आहे, आणि प्रवासी विमानं. डाऊनविंडवर असताना आवाज आला: नंबर टू, पुढे फायनलवर एअरबस, वेक टर्ब्युलन्सची काळजी घ्या. एअरबस ए३२० च्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि मागे खाली बसत जातात. माझं विमान ७५७ किलोंचं. तेवढ्या मोठ्या विमानामागे उतरताना हलक्या विमानासाठी तीन मिनिटांचं अंतर ठरलेलं आहे. एअरबस खांद्यामागे गेली. हात वळायला शिवशिवत होता, पण मी घड्याळ लावलं आणि सरळ जात राहिले. नंतर तिच्या वाटेच्या वरून आले आणि तिची चाकं जिथं टेकली त्याच्या बऱ्याच पुढे माझी टेकवली. धावपट्टी अडीच किलोमीटरहून लांब, जागेची चणचण नव्हती.

संध्याकाळी आण्णांचा फोन. "मोठ्या विमानामागं किती थांबलीस?"

"तीन मिनिटं."

"बस्स? आमचा काटा बघ, काल अकरा तास."