वही दुसरी, जुलै: ४०० आणि ४३०

जूनमध्ये ब्रिजचे मी डिक्लेअरर, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणारी, असलेले ४१ डाव वहीत उतरवले. त्यातले १४ बुडाले. पावसानं कोंडून घातलेल्या एका दुपारी ते चौदाही परत मांडून बघितले, तर नऊ डाव पहिल्याच हाताला (चार पानांच्या फेरीला) बुडालेले. पुढचे बारा हात म्हणजे नुसती उत्तरक्रिया.

खोड मेंढीकोटची आहे. लग्न होऊन हर्णैला आले तेव्हापासून गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळतेय. तिथे समोरून पान पडलं की आपलं पडलंच पाहिजे, विचार करत बसलं की चहूबाजूंनी आरडाओरडा. तोच हात ब्रिजमध्येही आपोआप चालतो. नमुन्याला जूनचा हा एक डाव बघा. तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात करायचे. डमीत (जोडीदाराच्या टेबलावर उघड्या मांडलेल्या पानांत) किलवरचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, सत्ती. माझ्याकडे किलवरची दोनच बारकी पानं. उतारी बदामच्या राणीची. डमीत बदामचा राजा आणि चव्वी, माझ्याकडे एक्का, नव्वी, तिर्री. मी डमीतला राजा लावून मोकळी! समोरच्यांनी किलवरचा एक्का पहिल्यांदा दाबून ठेवला, दुसऱ्यांदा घेतला, आणि डमीतली तीन पक्की किलवरं तिथेच बसून राहिली. डमीत शिरायचं एकुलतं एक दार मी आधीच लावून घेतलं होतं. पहिला हात एक्क्यानं घ्यायला काय झालं होतं मला?

म्हणून जुलैपासून नेम केला: डमी उघडली की हातातले पत्ते उलटे करून टेबलावर ठेवायचे आणि मोजायचं. पक्के हात किती, कमी किती, ते कुठून येतील. शिवाय ते आणताना डाव कोणाच्या हाती गेलेला चालेल आणि कोणाच्या नाही. हे शेवटचं मला आत्ता आत्ता जमायला लागलंय, म्हणून परवाच्या शनिवारचा सात नंबरचा बोर्ड सविस्तर लिहिते.

शनिवारी आमच्या ओटीवर दोन टेबलं लागतात. आठ जण, चार जोड्या, प्रत्येक बोर्ड दोन्हीकडे खेळला जातो. बोर्ड म्हणजे वाटलेला डाव जसाच्या तसा दुसऱ्या टेबलाकडे द्यायला जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं. पत्ते मात्र प्लास्टिकचेच; या हवेत कागदी पत्ते सादळलेल्या पापडासारखे होतात, वाटताना दोन-दोन निघतात. माझे जोडीदार भाऊजी. डावीकडे मास्तर, उजवीकडे डॉक्टर.

भाऊजींची पानं (डमी):
इस्पिक ८, ३
बदाम एक्का, ६, ५
चौकट राजा, गुलाम, ८, ३
किलवर एक्का, ७, ५, २

माझी पानं:
इस्पिक एक्का, ७, ५
बदाम राजा, राणी, ४
चौकट एक्का, १०, ९, ४
किलवर राजा, ८, ६

मोठ्या पानांच्या १६ गुणांवर मी एक नो ट्रम्प बोलले, भाऊजी थेट तीनवर गेले. मास्तरांची उतारी इस्पिकची छक्की.

पत्ते उलटे ठेवले. इस्पिक एक, बदाम तीन, चौकट दोन, किलवर दोन, झाले आठ. एक कमी, आणि तो चौकटमध्ये उघड दिसतोय. राणी कोणाकडेही असो, ती एक हात घेऊन गेली तरी चौकटचे तीन हात माझेच. मग भीती कसली? इस्पिकची. छक्की हे मास्तरांचं वरून चौथं पान धरलं, तर अकराच्या नियमानं अकरातून सहा गेले, राहिले पाच: छक्कीच्या वरची पाच पानं उरलेल्या तिघांत. डमीत अठ्ठी, माझ्याकडे एक्का आणि सत्ती, म्हणजे डॉक्टरांकडे दोन. लांब इस्पिक मास्तरांकडेच.

एक्का किती वेळा दाबायचा, याला सोपा हिशोब आहे. सातातून आपली दोघांची मिळून त्या रंगातली पानं वजा करायची. आमची पाच, म्हणून दोनदा. डॉक्टरांनी राणीनं हात घेतला, मी पंजी टाकली. त्यांनी दश्शी खेळली, मी सत्ती टाकली, मास्तरांची दुर्री पडली. छक्कीच्या खालचं पान दिसलं, म्हणजे त्यांच्याकडे किमान पाच आणि डॉक्टरांकडे फार तर तीन. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी शेवटचं इस्पिक खेळलं तेव्हा एक्का घेतला, डमीतून किलवरची दुर्री फेकली.

आता चौकट. ही फिनेस (मधल्या पानानं त्यांची राणी चकवायची चाल) दोन्ही बाजूंनी मारता येते, आणि एरवी मी इथे डोळे मिटून कुठली तरी एक बाजू धरली असती. पण मास्तरांच्या हाती डाव गेला तर दोन इस्पिकं वाजणार आणि डाव बुडणार. डॉक्टरांच्या हाती गेला तर त्यांच्याकडे इस्पिक उरलेलंच नाही. म्हणून आधी एक्का वाजवला, मग हातातून दश्शी खेळले आणि डमीतून तिर्री टाकली. राणी डॉक्टरांकडेच निघाली. त्यांनी ती घेतली, बदाम परत केला, आणि मी नऊ हात मोजून डाव दाखवला. ४०० गुण. ‘वहिनी, आज अगदी पुस्तकातला डाव!’ इति भाऊजी. मीही मनातून खूश.

रात्री पाकिटं उघडून गुण जुळवले. दुसऱ्या टेबलावर हाच बोर्ड आमचे नाखवा खेळले होते. त्यांनी डमीतला चौकटचा राजा वाजवून गुलाम सोडला, उजवीकडची राणी पकडली, दहा हात, ४३०. जोड्यांच्या मोजणीत फरक तीस गुणांचा असो की तीनशेचा, बोर्ड त्यांचा. आम्हाला भोपळा.

मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं, ‘नाखवा, राणी दुसरीकडे असती तर बुडाला असतात की!’ त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, ‘वहिनी, ज्याच्याकडं इस्पिकं भरल्यात त्याच्याकडं चौकटला जागा कुठं? खणात बर्फ जास्त भरला की मासळी कमीच बसते.’

रविवारी कागद-पेन घेऊन बसले. इस्पिक पाच-तीन. म्हणजे लांब इस्पिकवाल्याच्या तेरातली आठ घरं रिकामी, दुसऱ्याची दहा. राणी दुसऱ्याकडे असण्याची शक्यता अठरात दहा, म्हणजे सुमारे ५६ टक्के. नाखवांनी टक्के मोजले नव्हते, पण बर्फाचा हिशोब बरोबर होता. आणि समोरच्या टेबलावर माझ्यासारखा सांभाळून खेळणारा असेल, तर जोड्यांमध्ये त्यांची चाल शंभरात छप्पन वेळा जिंकते. रबर (एकाच टेबलावरचा साधा सामना) किंवा टीमचा सामना असता तर गोष्ट उलटी. टीममध्ये जास्तीच्या एका हाताची किंमत जेमतेम १ आयएमपी (गुणांच्या फरकावरून मिळणारा टीमचा गुण), आणि बुडाला तर ४५० गुणांचा फरक, म्हणजे १० आयएमपी. तिथे नाखवांसारखं खेळणाऱ्याला जोडीदार घरी चालत पाठवील.

हिशोब पटतो, पण गळी उतरत नाही. हातात आलेलं कॉन्ट्रॅक्ट शंभरात चव्वेचाळीस वेळा बुडवायचं, तेही तीस गुणांसाठी? भाऊजींचंही मन मानत नाही. ह्यांचं मत विचारण्यात अर्थ नाही. ह्यांच्या लेखी आम्ही आठ जण पत्ते कुटतो. २०१८ च्या जाकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन यांनी साठाव्या वर्षी शिबनाथ सरकार यांच्या साथीनं ब्रिजच्या जोड्यांमध्ये सुवर्ण मिळवलं, हे मी दोनदा सांगून झालंय. तेवढ्यापुरता चहा मिळतो.

जुलैचा आकडा: ३६ डाव, बुडाले ८, त्यातले पहिल्या हाताला २. सात नंबरचा बोर्ड लागलेल्यांत धरलाय, पण पेन्सिलीनं.

नारळीपौर्णिमेला आता दोनच शनिवार उरलेत. दर्याला नारळ दिला की नाखवांची होडी पाण्यात, आणि आमचं एकच टेबल उरतं. मग दिवाळीपर्यंत रबरच.