सोंगेयातले तीन रुपये

दार-ए-सलामहून सोंगेयाला पोहोचायला अख्खा दिवस लागला आणि त्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे एवढेच, की दोन तास एका अनोळखी बाईंची कोंबडी माझ्या मांडीवर होती. टांझानियातले उरलेले आठवडाभराचे दिवस आता धूसर झाले आहेत.

जर्मन राजवटीविरुद्धच्या उठावाची आठवण जपणाऱ्या माजी माजी संग्रहालयाच्या दाराशी परदेशी पाहुण्यांच्या वाढीव तिकिटावरून मी बरीच कुरकुर केली. (मराठीत माजी म्हणजे भूतपूर्व, स्वाहिलीत पाणी.) आत गेल्यावर वयस्क मार्गदर्शकांनी सांगितले, की जर्मन अमलात १८९८ पासून खेड्यांत दर झोपडीमागे कर होता, "रुपिया तातु", म्हणजे तीन रुपये. मी चमकलो. त्या वसाहतीचे चलन रुपयाच होते आणि १९०४ पर्यंत त्याचे ६४ पेसा होत असत, म्हणजे थेट आपल्या आजोबांचा हिशेब! आपल्याकडे शेतसारा भरण्यासाठी कुणबी सावकाराच्या दारात जाई. इथे कर भरण्यासाठी माणूस मजुरीला जुंपला जाई. शिवाय सरकारने नेमलेल्या अकिदांच्या, म्हणजे स्थानिक अंमलदारांच्या, देखरेखीखाली सक्तीने कापूस पिकवावा लागे आणि त्याचा मोबदला इतका तुटपुंजा असे, की कित्येकांनी तो घेतलाच नाही.

जुलै १९०५ मध्ये मातुंबी डोंगरांतल्या नांदेते गावी लोकांनी कापसाची रोपे उपटून टाकली आणि उठाव सुरू झाला. किंजिकितिले न्ग्वाले या भगतांनी दिलेल्या मंतरलेल्या पाण्याने जर्मनांच्या गोळ्यांचेच पाणी होईल, अशी श्रद्धा होती. हे ऐकताना मी नकळत हसलो, आणि मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या जमाती त्या पाण्यामुळेच एकत्र आल्या." मी ओशाळलो. न्ग्वाले यांना ऑगस्टच्या आरंभीच फाशी झाली, तरी उठाव दक्षिणेतल्या न्गोनी लोकांपर्यंत पोहोचला. मग जर्मन सैन्याने पिके आणि धान्याची कोठारे जाळली. त्यातून पडलेल्या दुष्काळासह बळींचे अंदाज ७५ हजारांपासून ३ लाखांपर्यंत जातात.

२७ फेब्रुवारी १९०६ रोजी सोंगेयात साठांहून अधिक न्गोनी पुढाऱ्यांना फासावर चढवले गेले. त्यांची सामूहिक कबर एकीकडे आणि सोंगेया म्बानो या न्गोनी सरदारांची, ज्यांचे नाव या शहराला मिळाले, वेगळी. त्यांचे शिर कापून जर्मनीला नेल्याचे सांगतात. २०२३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी इथे येऊन क्षमा मागितली आणि ते शिर शोधण्यात मदतीचे आश्वासन दिले.

निघताना मार्गदर्शकांनी तिकिटाचे उरलेले शिलिंग माझ्या हातावर एकेक करून मोजले. स्वाहिलीत पैशाला आजही पेसाच म्हणतात.