तोल सांभाळण्याचा अट्टाहास

चक्कर येते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मला प्रत्येक डॉक्टरांनी विचारला आणि दर वेळी माझे उत्तर बदलत गेले. पहिला झटका आला तेव्हा उत्तर सोपे होते: खोली गरगर फिरत होती, डोळे मिटले तरी फिरणे थांबत नव्हते आणि पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. काही दिवसांत हा झटका ओसरला. मागे जे उरले ते सांगायला मात्र शब्द अपुरे पडत. आता काहीच फिरत नव्हते, तरी उभे राहिले की आपण डोलत आहोत असे वाटायचे, चालताना जमीन पावलाखाली किंचित दबते आहे असा भास व्हायचा आणि आडवे झाले की बराचसा आराम पडायचा. पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नसे. मी पडत नव्हते, झोकांड्याही खात नव्हते, त्यामुळे ‘अशक्तपणा असेल’, ‘मानेचे असेल’, ‘जरा विश्रांती घे’ असे सल्ले मिळत राहिले. आणि त्यातला जो सर्वांत प्रेमाने दिला जाई, तो विश्रांतीचा सल्लाच या आजारात सर्वांत महाग पडतो.

मूळ झटक्याचे निदान व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस असे झाले होते, म्हणजे आतल्या कानाकडून मेंदूकडे तोलाची माहिती नेणाऱ्या मज्जातंतूला आलेली सूज. तिच्यात ऐकण्यावर परिणाम होत नाही, म्हणून कानाचेच हे दुखणे आहे असे रुग्णाला सहसा सुचतही नाही. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके कोणत्या दिशेला वळले हे त्या टिपतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात, त्यांच्यामुळे डोके कलल्याचे आणि वेग वाढल्या-घटल्याचे भान राहते. डोके अगदी स्थिर असतानाही दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंतून संदेश अखंड वाहत असतात आणि मेंदू त्यांची एकमेकांशी तुलना करत असतो. एका बाजूचा ओघ अचानक आटला, तर डोके निरोगी बाजूकडे वळते आहे असाच अर्थ मेंदू काढतो. माझा उजवा कान गप्प झाला होता, त्यामुळे अंथरुणावर निपचित पडलेली असतानाही मेंदूच्या लेखी मी सतत डावीकडे फिरत होते.

उजव्या कानाची ही स्थिती कॅलॉरिक चाचणीत स्पष्ट झाली. डोळ्यांवर कॅमेरा बसवलेला काळा चष्मा चढवतात, उताणे झोपवून डोके थोडे उचलून ठेवतात आणि कानात आळीपाळीने 30 आणि 44 अंश सेल्सिअसचे पाणी सोडतात, म्हणजे शरीरापेक्षा सात अंश थंड आणि सात अंश गरम. नलिकेतला द्रव त्यामुळे हलू लागतो, गरगरते आणि बुबुळे झटके देत एका बाजूला धावतात. डाव्या कानात पाणी गेल्यावर मी टेबलाची कड घट्ट धरली. उजव्या कानात गेल्यावर नुसते ओले वाटले. पाणी थंड आहे की गरम, यावर बुबुळांच्या झटक्यांची दिशा ठरते हे व्हिएन्नातील डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांनी ओळखले आणि कानातल्या या तोलयंत्रणेवरील कामासाठी त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. मळमळ थांबेपर्यंत मला त्यांच्याबद्दल फारसा आदर वाटला नाही, हेही नोंदवून ठेवते.

असा कान सुधारला नाही तरी माणूस सुधारतो, कारण मेंदू, त्यातही लहान मेंदू, दोन्ही बाजूंचा हिशेब नव्याने जुळवून घेतो. त्यासाठी त्याला चुका दिसाव्या लागतात. डोके हलावे, डोळ्यांसमोरचे दृश्य घसरावे आणि त्या घसरण्यावरून पुढची दुरुस्ती व्हावी, असा हा क्रम आहे. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मोठाच आधार देतात, पण त्याच महिनोन्महिने चालू राहिल्या तर हे शिकणे मंदावते. मान आवळून, डोके न हलवता बसून राहणारा रुग्णही गोळी न घेता तेच करत असतो.

बहुतेक लोक काही आठवड्यांत सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र झटका जातो आणि त्याची धास्ती शरीरात मुक्काम ठोकते. या अवस्थेला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस), म्हणजे उभे राहण्याशी आणि भोवतालच्या जाणिवेशी जोडलेली, टिकून राहणारी चक्कर, म्हणतात. बाराणींच्याच नावाने चालणाऱ्या बाराणी सोसायटीने 2017 मध्ये तिचे निकष प्रसिद्ध केले. तीन महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस अस्थिर किंवा डोलल्यासारखे वाटणे, आणि उभे राहिल्यावर, हालचालीने किंवा गजबजलेल्या, हलत्या दृश्यांनी ते वाढणे, असे तिचे स्वरूप आहे. तोल खरोखरच गेलेला असतो त्या दिवसांत शरीर पोटऱ्या ताठ करते, पावले आखूड टाकते, नजर जमिनीला लावते आणि कानावरचा भरवसा काढून तो डोळ्यांवर ठेवते. त्या दिवसांपुरते हे शहाणपणाचेच असते. संकट सरल्यावर हा पहारा उठायला हवा, तो उठत नाही, हा खरा आजार. उभे राहताना प्रत्येकाचेच शरीर थोडे पुढेमागे होत असते. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, पहाऱ्यावरच्या माणसाला दर क्षणी जाणवते, आणि जाणवले की तो आणखी ताठ होतो.

सर्वाधिक त्रास मोठ्या दुकानांतल्या उंच मांडण्यांमधून चालताना होई. दोन्ही बाजूंना सारख्या रंगाच्या डब्यांच्या रांगा असतात, चालू लागले की त्या नजरेच्या कडेने मागे सरकतात, आणि डोळ्यांवरच सगळी भिस्त असलेला मेंदू त्या सरकण्याला स्वतःचे ढळणे समजतो. मी ढकलगाडीचा दांडा धरून, लांबवरच्या एखाद्या पाटीवर नजर खिळवून चालत असे. खरेदी त्यामुळे पार पडे, पण पुढच्या खेपेला दांडा आणखी घट्ट धरावा लागे. मोबाइलवर भराभर वर सरकवलेला मजकूर, सरकता जिना, डिझाइनची फरशी यांचेही तसेच.

उपचारांचा गाभा म्हणजे व्हेस्टिब्युलर पुनर्वसनाचे व्यायाम. 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या डॉक्टरांनी, हालचाल करणारे रुग्ण लवकर सावरतात हे पाहून, मुद्दाम डोके आणि डोळे हलवायला लावणारे व्यायाम आखले. आजचे व्यायाम त्याच विचाराचे वारस आहेत. मला दिलेला पहिला व्यायाम पाहून हसू आले होते. एका कार्डावर ठळक अक्षर लिहून ते भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवायचे, हातभर अंतरावर उभे राहायचे आणि नजर अक्षरावरून न हलवता डोके ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखे डावी-उजवीकडे फिरवायचे. डावीकडे वळताना अक्षर जागच्या जागी राही. उजवीकडे वळताना त्याची कड धूसर होई आणि ते क्षणभर मागे राहून पुन्हा नजरेत येई. डोके जितके वळले तितकेच डोळे उलट दिशेने फिरवणारी प्रतिक्षिप्त क्रिया 10 मिलिसेकंदांच्या आत घडते, आणि माझ्या उजवीकडे तीच लंगडी पडली होती.

‘‘थोडं गरगरलं पाहिजे. काहीच वाटलं नाही तर वेग वाढवा, आणि तासभर मळमळत राहिलं तर उद्या कमी करा,’’ असे फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बजावले होते. सगळे कसब या मात्रेत आहे. जिद्दीने एकाच दिवशी खूप करणारे दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतात आणि व्यायामच सोडून देतात. पुढे फोमच्या गादीवर डोळे मिटून उभे राहणे, चालता चालता मान वळवणे, आणि शेवटी त्याच मांडण्यांमधून गाडीशिवाय, बोलत बोलत चालणे, अशी चढण होती. बोलण्यालाही अर्थ होता: लक्ष दुसरीकडे गुंतले की शरीर तोलाचे काम आपले आपण करू लागते.

जोडीला एसएसआरआय गटातले, एरवी चिंता आणि नैराश्यावर देतात ते औषध अल्प मात्रेत सुरू झाले आणि काही समुपदेशनही. ‘‘म्हणजे हे सगळं मनाचंच आहे का?’’ असे नवऱ्याने डॉक्टरांना थेट विचारले. हे सोंग नव्हे आणि भ्रमही नव्हे. धोक्याची जाणीव आणि तोल यांचा मेंदूतला कारभार एकमेकांत गुंतलेला आहे, म्हणून एकाची पट्टी खाली आणली की दुसऱ्यालाही श्वास घेता येतो, असे त्यांनी समजावले. मला ते पटले, कारण चिंता नसलेल्या दिवशीही मी डोलत असे आणि चिंता असलेल्या दिवशी अधिक डोलत असे.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. ताप, सलग जागरण किंवा लांबचा प्रवास झाला की जुळलेला हिशेब काही दिवस पुन्हा विस्कटतो. मात्र प्रत्येक चक्कर याच खात्यात टाकू नये: अचानक दुहेरी दिसणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची ताकद जाणे, कधी न झालेली तीव्र डोकेदुखी किंवा एका कानाने एकाएकी ऐकू न येणे, यांपैकी काहीही सोबत असेल तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बऱ्याच काळाने, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने बंद झाल्यावर, कॅलॉरिक चाचणी पुन्हा झाली. तोवर मी सायकल चालवू लागले होते आणि जिन्याचा कठडा धरायचे विसरू लागले होते, त्यामुळे उजवा कान जागा झाला असणार अशी माझी खात्री होती. अहवालात त्याचा प्रतिसाद जवळजवळ पहिल्याइतकाच कमी होता. तो कधी सुधारेल असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘‘बहुधा असाच राहील. त्यासाठी आता तुम्हाला काहीच करायचं नाही,’’ आणि त्यांनी पुढची तारीख दिली नाही.