दोन फूटपट्ट्या आणि पंधरा मीटर

स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहून दे म्हणून फोन आला तेव्हा मला गॅदरिंग नाही आठवलं की मार्च पास्ट नाही, आठवल्या त्या फळ्याच्या चौकटीला लटकवलेल्या दोन लाकडी फूटपट्ट्या.

१९७९ चा जुलै, मी नववीत. स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा पडणार म्हणून गावात नुसता गोंधळ, मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणत आमच्या गल्लीत तर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी कोंबडं कापलं जायचं. मी गणिताच्या सरांना विचारलं (नाव लिहीत नाही, त्यांना असलं कौतुक कधीच चाललं नाही), की सर, ग्रहण मिनिटावर सांगतात, मग हे ७७ टनांचं धूड कुठे पडणार ते का सांगता येत नाही? सर म्हणाले, सूर्य खवळलाय, त्यामुळे वरची हवा फुगलीय आणि ती किती अडवणार ते रोज बदलतंय. मग जरा थांबून म्हणाले, पण हवा नसती तरी गणित हातातून सुटू शकतं, उद्या दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दोन फूटपट्ट्या खिळ्याने एकीखाली एक जोडून आणल्या. फळ्यावर खडूची खूण केली आणि मला सांगितलं, प्रत्येक वेळी बरोब्बर इथूनच सोडायची. एकच पट्टी होती तोवर झोका ठरलेला, दुसरी जोडली की खालची कधी गरकन फिरायची, कधी मधेच उलटायची, दहा वेळा सोडली तर दहाही वेळा वेगळं. हात केसभर हलला की झालं. पोरं पैजा लावायला लागली, शिपाईमामा पण त्यात.

स्कायलॅब ११ जुलैच्या रात्री पडलं, पार ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला होता, हे मला फार नंतर कळलं.

तेव्हा मी अजून एक विचारलं होतं, मग ग्रहांचं पण असं होईल का? सर हसले. "अरे, ते काय एसटीचं टाइमटेबल आहे का? ग्रहांचं पक्कं असतं." आणि लगेच सात महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९८० ला, ग्रहण आलं. शनिवार, सकाळची शाळा, सरांनी पंचांगातली वेळ फळ्यावर लिहून ठेवली. खग्रास खाली कारवारकडे, आमच्याकडे सूर्याची कोर उरली, आणि लिंबाच्या झाडाखाली पानांतून पडलेल्या उन्हाच्याही सगळीकडे तशाच कोरी. वेळ तंतोतंत. माझी शंका तिथेच संपली.

पुढे बँकेत लागलो, गणित म्हणजे व्याजापुरतं. २००९ च्या जूनमध्ये पेपरात वाचलं की लास्कर नावाच्या फ्रेंच माणसाने सहकाऱ्याबरोबर सूर्यमालेचं गणित कॉम्प्युटरवर २५०१ वेळा चालवलं, सुरुवातीला नुसता केसाएवढा फरक ठेवून, आणि शंभरात साधारण एकदा बुधाची कक्षा पार बिघडली, एकदा तर पुढे पृथ्वीच कुणावर तरी आदळायची वेळ आली. अर्थात कित्येक अब्ज वर्षांनी. म्हणजे फूटपट्ट्याच की! त्याचंच १९८९ चं कामही शोधून वाचलं आणि दिवाळीत सरांकडे गेलो.

सर तोवर थकले होते. मी सांगितलं, सर, आज पृथ्वीची जागा पंधरा मीटरने चुकली तर ती चूक दर एक कोटी वर्षांनी दहापट होते. सरांनी लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू घेतली. पंधरा, मग एकावर एक दहा शून्यं. "दहा कोटी वर्षांत पंधरा कोटी किलोमीटर. सूर्य आणि पृथ्वीमधलं अंतर झालं रे हे. म्हणजे तेव्हा पृथ्वी सूर्याच्या अलीकडे का पलीकडे तेही सांगता यायचं नाही." आणि मग, "हे तर चुकीवरचं चक्रवाढ व्याज, मीच शिकवलं होतं तुला." मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, म्हणून मी प्वांकारे या जुन्या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट सांगितली, की ग्रहांच्या गणितावरच्या, स्वीडनच्या राजाचं बक्षीस मिळालेल्या त्याच्या निबंधात चूक निघाली, छापलेला अंक परत मागवावा लागला, नव्या छपाईचा खर्च बक्षिसापेक्षा जास्त, तो याने स्वतः भरला, आणि ती चूक सुधारतानाच त्याला हा गोंधळ पहिल्यांदा दिसला. पण सरांचं लक्षच नव्हतं.

"पंधरा मीटर म्हणजे किती रे?" म्हणत उठले, काठी भिंतीला लावली आणि दारापासून पावलं मोजत निघाले. तुळशीपाशी वळले, परत आले, पंचविसाव्या पावलाला थांबले. "एवढंच?"

आतून काकू ओरडल्या, अहो, चपला तरी घाला.